जुन्या लेखांतील बुद्धिवाचक शब्द

जुने कागद वाचणारास अवघड शब्द सहसा फसवीत नाहींत. तसा शब्द आढळतांच तो कोश उघडतो. फसवितात ते ओळखीचे शब्द. बुद्धि, मेधा, अक्कल, हुशारी, शहाणपण हे शब्द आपण रोज वापरतों. म्हणून त्यांचा आजचा अर्थ दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदावर बसवून पुढें जातों. असें केल्यानें लेखाचा आशय कसा पालटतो, हें थोड्या उदाहरणांनीं दाखविण्याचा येथें आमचा हेतु आहे.

प्रथम पोथ्यांतील संस्कृत शब्द घेऊं. अमरकोशाच्या धीवर्गांत बुद्धि, मनीषा, धिषणा, धी, प्रज्ञा, शेमुषी, मति इत्यादि १४ नांवें एकत्र दिलीं आहेत. त्यावरून हीं सर्व एकाच अर्थाचीं, असा समज होतो. परंतु धारणाशक्तीनें युक्त अशी जी धी ती मेधा, असा भेद कोशकारानेंच पुढें केला आहे. शास्त्रकारांचे भेद याहून खोल आहेत. सांख्यांच्या मतें बुद्धीचें लक्षण अध्यवसाय, म्हणजे निश्चय. नैयायिक बुद्धि, उपलब्धि व ज्ञान यांस एकच मानतात. कौटिल्य राजाच्या प्रज्ञेचे आठ गुण सांगतो. त्यांचा आरंभ ऐकण्याच्या इच्छेपासून होऊन ग्रहण, धारण, ऊह, अपोह यांवरून ते तत्त्वनिष्ठेपर्यंत पोंचतात. तेव्हां पोथींत ‘बुद्धि’ शब्द आल्यास पोथी कोणत्या शास्त्राची, हें आधीं पाहावें.

दप्तरांतील शब्दांची वाट निराळी; ते बहुधा फारसीच्या द्वारें आले. अक्कल हा मूळचा अरबी शब्द. उंटाचा पाय बांधण्याच्या दोरीचें ‘इकाल’ हें नांव त्याच धातूपासून झालें आहे. मनुष्यास भलत्या वाटेनें जाऊं न देणारी ती अक्कल, असा संबंध अरबी कोशकार जोडतात. हुशार हा शब्द फारसी. त्यांतील ‘होश’ म्हणजे शुद्धि, भान. ज्याचें भान जागेवर आहे तो हुशार. आज हुशार म्हटलें कीं परीक्षेंत पहिला येणारा मुलगा डोळ्यांपुढें येतो. जुन्या पत्रांत मात्र चौकीपहाऱ्याच्या माणसांस हुशार राहण्याविषयीं लिहिलें असल्यास तेथें ‘सावध, जागते असा’ एवढाच अर्थ असतो. तो ‘चतुराईनें वागा’ असा केला, तर पत्रांतील धोक्याची सूचनाच नाहींशी होते, आणि तें घाईनें कां लिहिलें, हें कोडें उरतें. दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यास ‘आज हुशारी वाटते’ असें आपण अजून म्हणतों. त्यांत जुन्या अर्थाचा अंश राहिला आहे.

याहून महत्त्वाचा जोडशब्द ‘अक्कलहुशारी’. खरेदीखतांत व मृत्युपत्रांत लिहून देणारानें राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें लिहून दिल्याचा मजकूर येतो. हें त्याच्या चातुर्याचें प्रशस्तिपत्र नव्हे. त्यास बरेंवाईट कळत होतें, ही अक्कल. तो शुद्धीवर होता, ही हुशारी. वेड, नशा किंवा ग्लानि यांच्या अमलाखालीं लेख झाला नाहीं, अशी ही कबुली आहे. वाद पडल्यास खताचा टिकाव तिच्यावर अवलंबून. म्हणून नक्कल करतांना ही अक्षरें ठराविक समजून गाळूं नयेत.

शहाणा शब्दाचें माप तर एका प्रसिद्ध गणनेंतच सांपडतें. पेशवाईंतील साडेतीन शहाण्यांत पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे व निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पुरे, आणि नाना फडणीस अर्धे. केवळ बुद्धि मोजावयाची असती तर नानांस अर्धें कोण म्हणता? ते तलवारीचे गडी नव्हते म्हणून अर्धे, असें परंपरा सांगते. इतर तिघे कलमाचे तसेच तलवारीचेहि. त्यांपैकीं विठ्ठल सुंदर हे १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनच्या लढाईंत मारले गेले. यावरून मसलत ठरविणें आणि ती स्वतः तडीस नेणें, हीं दोन्ही मिळून पुरें शहाणपण होत असे, असें आम्हांस वाटतें. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाहून निराळा असा पढतमूर्खाचा समास आहे, त्याचेंहि मर्म हेंच: जाणणें आचरणांत उतरलें नाहीं तर तें अपुरें. आज ‘मोठा शहाणा’ हे शब्द बहुधा उपरोधानें येतात. जुन्या पत्रांतील ‘शहाणे’ वाचतांना तो उपरोध तेथें नेऊं नये.

सारांश, असा शब्द भेटल्यास तीन गोष्टी पाहाव्या: लेख कोणत्या प्रकारचा, शब्दाबरोबर क्रियापद कोणतें, आणि त्याच्या उलट शब्द कोणता शोभेल. हुशाराच्या उलट तेथें ‘मठ्ठ’ बसतो कीं ‘गाफील’, एवढें विचारलें तरी पुष्कळ वेळां निकाल लागतो. संग्राहकांनीं आपल्या कागदांतील अशीं वाक्यें मूळ लेखनासह, मितीसह उतरून ठेवावीं. एकेका शब्दाचा अर्थ कोणत्या शतकांत वळला, हें ठरविण्यास त्यांवांचून दुसरें साधन नाहीं.