पिकअप ट्रकसाठी पेट्रोलच्या ऑक्टेन अंकाची निवड

पिकअप ट्रक म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. अमेरिकेत व कॅनडात अशी बहुसंख्य वाहने पेट्रोलवर चालतात. तेथील पेट्रोल पंपावर एकाच यंत्राला सामान्यतः ८७, ८९ आणि ९१ ते ९३ अशा तीन अंकांची बटणे असतात आणि अंक वाढतो तसा दरही वाढतो. मोठा अंक म्हणजे अधिक ‘ताकदीचे’ किंवा अधिक शुद्ध पेट्रोल, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. ऑक्टेन अंक इंधनाची ऊर्जा मोजत नाही. इंधन दाब व उष्णता किती सोसते, एवढेच तो सांगतो. एखाद्या पिकअपला कोणता अंक लागतो हे तिच्या एंजिनाच्या रचनेवर ठरते, आणि काही एंजिनांच्या बाबतीत त्या दिवशी हौद्यात किंवा मागे जोडलेल्या ट्रेलरवर किती भार आहे यावरही ठरते.

ऑक्टेन अंकाचा अर्थ

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. ज्योत प्लगपासून सुरू होऊन क्रमाने पसरत जाणे अपेक्षित असते. मात्र ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण वाढत्या दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी उठून सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर धातूवर ठोकल्यासारखा किंवा डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज ऐकू येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. भाराखाली असे ठोके दीर्घकाळ पडत राहिले तर दट्ट्याची कड, त्यावरील कडी आणि हेड गॅस्केट यांची हानी होते. इंधन अशा स्वयंज्वलनाला जितके दाद देत नाही, तितका त्याचा ऑक्टेन अंक मोठा.

या मोजपट्टीची दोन टोके दोन शुद्ध रसायनांनी ठरवलेली आहेत. आयसोऑक्टेन फारसे ठोके देत नाही, म्हणून त्याचा अंक १००. सरळ साखळीचे हेप्टेन सहज ठोके देते, म्हणून त्याचा अंक ०. एखादे पेट्रोल ८७ भाग आयसोऑक्टेन आणि १३ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाप्रमाणे वागत असेल, तर त्या चाचणीत त्याचा अंक ८७ येतो. त्या पेट्रोलमध्ये प्रत्यक्ष ८७ टक्के आयसोऑक्टेन असते असा याचा अर्थ नाही. नावांची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. ऑक्टेनमध्ये कार्बनचे आठ अणू आणि हेप्टेनमध्ये सात. ग्रीक ‘ऑक्टो’ व ‘हेप्टा’ हे शब्द संस्कृतातील ‘अष्टन्’ आणि ‘सप्तन्’ यांचे सख्खे भाऊबंद होत. गंमत अशी की सरळ साखळीच्या साध्या ऑक्टेनचा स्वतःचा अंक शून्याच्याही खाली आहे. मोजपट्टीचा मान मिळाला तो फाटे फुटलेल्या रचनेच्या आयसोऑक्टेनला.

अंक मोजण्याच्या पद्धती

हा भाग समजून न घेतल्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या वाहनचालकांचा हमखास गोंधळ होतो. अंक मोजण्याच्या दोन प्रमाणित चाचण्या आहेत. दोन्हींसाठी, चालू असतानाच संपीडन गुणोत्तर बदलता येईल असे खास एक-सिलिंडरी एंजिन वापरतात. संशोधन ऑक्टेन अंक, म्हणजेच आरओएन, काढताना ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि सौम्य स्थितीत चालवतात. मोटर ऑक्टेन अंक, म्हणजेच एमओएन, काढताना ते ९०० फेऱ्यांवर चालवतात आणि मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. दुसरी चाचणी अधिक कठोर असल्याने तीत त्याच पेट्रोलचा अंक साधारणतः ८ ते १० ने कमी येतो.

भारत, युरोप, जपान व ऑस्ट्रेलिया येथे पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका व कॅनडात दोन्हींची सरासरी लिहितात. पंपावरील पिवळ्या पट्टीवर दिसणारे (आर + एम) / २ हे सूत्र हेच सांगते. त्यामुळे अमेरिकेतील ८७ आणि भारतातील ९१ ही जवळपास एकाच दर्जाची पेट्रोले आहेत. पुण्याहून किंवा नागपूरहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या माणसाला ८७ हा आकडा पाहून तेथील साधे पेट्रोल आपल्याकडच्यापेक्षा हलके वाटू शकते. हा फरक पेट्रोलचा नसून मोजपट्टीचा आहे, आणि तेवढ्या गैरसमजापोटी दर वेळी ९१ चे बटण दाबण्याचे कारण नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीवर कारखान्यातच हौदा बसवून पिकअप विकण्यास आरंभ केला. तिच्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर केवळ ४:१ च्या आसपास होते; आजच्या मानाने अगदी हलके इंधनही तिला चालत असे. एंजिनाची कार्यक्षमता वाढवायची तर संपीडन वाढवणे आवश्यक होते, परंतु नॉकिंग त्या वाटेत आडवे येत होते. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने ठोके थांबतात असे आढळले. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढे १९२६–२७ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर यांनी आयसोऑक्टेन व हेप्टेन यांच्यावर आधारलेली वरील मोजपट्टी सुचवली.

शिसे विषारी आहे हे त्या काळीही अज्ञात नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण केंद्रात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही पुढील अर्धशतक शिसेयुक्त पेट्रोल जगभर विकले गेले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी त्यावर १९९६ पासून पूर्ण बंदी आली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि २००० पासून ते देशभर लागू झाले. आज ऑक्टेन अंक वाढवण्यासाठी शुद्धीकरण प्रक्रियेत मिळणारे उच्च-ऑक्टेन घटक आणि इथेनॉल यांचा उपयोग करतात.

एंजिनानुसार निवड

वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत इंधनाविषयी दोन वेगवेगळे शब्द येतात आणि निवडीचा निम्मा प्रश्न त्या शब्दांतच सुटतो. एक ‘आवश्यक’ आणि दुसरा ‘शिफारस’. उच्च ऑक्टेन ‘आवश्यक’ असेल तर तेथे काटकसर करू नये. रॅम टीआरएक्स या सुपरचार्जर बसवलेल्या पिकअपचे एंजिन या प्रकारचे आहे. ‘शिफारस’ असेल तर कमी अंकाच्या पेट्रोलवर वाहन सुरक्षित चालते, मात्र पूर्ण शक्ती मिळत नाही.

पुस्तिकेत केवळ ८७ लिहिले असेल तर विषय तेथेच संपतो. शेव्हरोले सिल्व्हराडोचे ५.३ लिटरचे आठ-सिलिंडरी एंजिन याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे संपीडन गुणोत्तर ११:१ इतके असूनही ते ८७ वर चालण्यासाठीच घडवलेले आहे, कारण इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड राहते. त्याच वाहनाच्या ६.२ लिटरच्या एंजिनासाठी मात्र उच्च ऑक्टेनची शिफारस आहे. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिकअपना दोन निरनिराळी उत्तरे लागू पडतात. शेजाऱ्याची गाडी पाहून पेट्रोल ठरवू नये ते यासाठीच.

मधल्या ८९ अंकाची मागणी करणारी वाहने थोडी आहेत. रॅम १५०० चे ५.७ लिटरचे हेमी एंजिन त्यांपैकी एक. त्याला ८७ चालते, पण निर्माता ८९ सुचवतो.

भार, उष्मा आणि चढ

पिकअपचा प्रश्न मोटारीच्या प्रश्नाहून वेगळा होतो तो येथे. रिकामी पिकअप सपाट रस्त्यावर जाताना एंजिनावर अल्प ताण असतो. तीच पिकअप ट्रेलर ओढत, भर उन्हाळ्यात, घाट चढू लागली की सिलिंडरमधील दाब व तापमान दोन्ही वाढतात आणि नॉकिंगची शक्यता बळावते.

आधुनिक एंजिनावर ठोका ओळखणारा संवेदक बसवलेला असतो. ठोक्याची चाहूल लागताच नियंत्रक संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. एंजिन वाचते, पण त्याची किंमत मोजावी लागते: शक्ती घटते, इंधनाची उष्णता दट्ट्याला ढकलण्याऐवजी धुराड्यातून बाहेर पडते आणि चालक नकळत पाय अधिक दाबतो. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनांत हा परिणाम विशेष जाणवतो. फोर्ड एफ-१५० मधील ३.५ लिटरच्या इकोबूस्ट एंजिनाची पुस्तिका ८७ ला मान्यता देते. मात्र उत्तम कामगिरीसाठी, विशेषतः उष्ण हवेत आणि ट्रेलर ओढताना, ९१ किंवा अधिक अंकाचे पेट्रोल सुचवते. अशा वाहनाच्या मालकाने एरवी ८७ आणि भाराच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ९१ भरणे हा व्यवहार्य मार्ग आहे. टाकीत दोन्ही मिसळल्यास अंक साधारण प्रमाणानुसार मधला येतो, म्हणून लाभ हवा असेल तर टाकी बरीचशी रिकामी असताना भरावे.

उलट, कोलोरॅडो, यूटा, वायोमिंग अशा उंचावरील राज्यांत ८५ अंकाचेही पेट्रोल मिळते. विरळ हवेमुळे सिलिंडरमधील दाब कमी राहतो म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या एंजिनांना ते चालत असे. टर्बोचार्जर हवेची ही विरळता भरून काढतो, त्यामुळे टर्बो एंजिनाला ही सवलत लागू होत नाही. किमान ८७ सांगणाऱ्या कोणत्याही आधुनिक पिकअपमध्ये ८५ भरणे इष्ट नाही.

खर्चाचा हिशेब

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, उच्च ऑक्टेनची केवळ शिफारस असलेल्या वाहनांना ते वापरल्यावर इंधनबचतीत सरासरी २.७ टक्के आणि अश्वशक्तीत सरासरी १.४ टक्के वाढ मिळाली. आता समजा ८७ चा दर गॅलनला ३.२० डॉलर आणि ९१ चा ४.०० डॉलर आहे. दरातील वाढ २५ टक्के होते; २.७ टक्क्यांची बचत ती भरून काढू शकत नाही. एफ-१५० ची मोठी टाकी ३६ गॅलनची, म्हणजे सुमारे १३६ लिटरची असते; ती एकदा पूर्ण भरताना या दराने जवळपास २९ डॉलर जास्त जातात. ज्या एंजिनासाठी ८७ च सांगितले आहे, त्याच्या बाबतीत तर ही सारी रक्कम वाया जाते.

महाग पेट्रोलने एंजिन स्वच्छ राहते, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. स्वच्छता ऑक्टेनवर नव्हे, तर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शोधक द्रव्यांवर अवलंबून असते. काही वाहननिर्मात्यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘टॉप टिअर’ मानकानुसार संबंधित कंपनीला अशी द्रव्ये आपल्या सर्व श्रेणींत, साध्या पेट्रोलमध्येही, घालावी लागतात.

इथेनॉलमिश्रित इंधन

इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच मोठा आहे आणि लिटरमागे ऊर्जा मात्र सुमारे एक-तृतीयांशाने कमी. ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन भिन्न गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट दाखला नाही. अमेरिकेत ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असलेले ई८५ हे इंधन केवळ ‘फ्लेक्स-फ्युएल’ वाहनांत वापरता येते. अनेक पिकअप त्या प्रकारच्या आहेत. त्यांना ई८५ वर एका गॅलनमध्ये १५ ते २७ टक्के कमी अंतर मिळते.

भारतातील स्थिती

भारतात पिकअप हे मुख्यतः डिझेलचे वाहन आहे. महाराष्ट्रातील बाजार समित्यांत भाजीपाला आणणारी महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, तसेच इसुझू व्ही-क्रॉस व टोयोटा हायलक्स ही प्रामुख्याने डिझेलवर चालणारी आहेत. त्यांना ऑक्टेन अंक लागूच होत नाही. डिझेल एंजिनात ठिणगी नसते; दाबलेल्या हवेत इंधन आपोआप आणि लवकर पेटणे हेच तेथे हवे असते. तो गुण सिटेन अंकाने मोजतात आणि भारत स्टेज-६ मानकानुसार तो किमान ५१ असावा लागतो.

टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी यांच्या पेट्रोल आवृत्त्यांना पंपावरचे साधे पेट्रोल पुरेसे आहे. भारत स्टेज-६ मानक लागू झाले तेव्हा त्याचा आरओएन किमान ९१ ठरवलेला होता. इंडियन ऑइलचे एक्सपी ९५ व एक्सपी १००, हिंदुस्थान पेट्रोलियमचे पॉवर ९५ आणि भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७ ही उच्च ऑक्टेनची पेट्रोले अनेक शहरांत मिळतात, परंतु या छोट्या मालवाहू गाड्यांना त्यांची गरज नाही.

डिझेल पिकअपमध्ये चुकून पेट्रोल भरले गेले, तर त्याचा अंक ९१ आहे की १०० याने काहीही फरक पडत नाही. पेट्रोल डिझेलसारखे वंगण देत नसल्याने उच्च दाबाच्या पंपाची व इंजेक्टरांची झीज होते. अशा वेळी चावी न फिरवता, वाहन ढकलून बाजूला घ्यावे आणि टाकी पूर्ण रिकामी करवून घ्यावी.