कूतच्या वेढ्यांतील भूक

पहिल्या महायुद्धांत तैग्रीस नदीकांठच्या कूत गांवीं ६ वी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. १०३ व्या मराठा पलटणीचे शिपाईहि तिच्यांत होते. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. धान्य आटूं लागतांच घोडे मारून मांस वाटण्यांत आलें. गोऱ्यांनीं तें खाल्लें. बहुतेक हिंदी शिपायांनीं नाकारलें.

याला निवळ धर्मभोळेपणा म्हणणें अन्यायाचें होईल. शिपायाचें चित्त घरीं होतें. जिवंत परतलों, पण भाऊबंदांनीं पंगतींतून उठविलें, मुलींचीं लग्नें जमेनाशीं झालीं, तर वांचून काय साधलें? हिंदुस्थानांतून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा आली, तरी पुष्कळांचें मन वळेना. अनुज्ञा देणारे कांहीं त्यांच्या गांवच्या पंगतीला बसणार नव्हते!

मांसाअभावीं हिंदी शिपायांना स्कर्व्ही जडला. हिरड्या सुजल्या, जखमा भरून येईनात. उलट पांढऱ्या पिठाच्या पावामुळें गोऱ्यांत बेरीबेरी पसरली, ती जवाचें भरड पीठ खाणाऱ्या हिंदी शिपायांत फारशी आढळली नाहीं. एप्रिलांत अनेकांनीं अखेर घोड्याचें मांस घेतलें, पण तोंवर अंगांत त्राण उरलें नव्हतें. शरणागतीनंतर उन्हांतून शेंकडों मैलांची पायपीट, मग रेल्वेच्या बांधकामावर मजुरी. ऑक्टोबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतर घरची वाट मोकळी झाली. ज्या पंगतीसाठीं उपास काढले, तींत बसावयास कितीतरी जण उरलेच नव्हते.