चाकांवरचें नादगृह

मोटार जन्मास आली ती मनुष्यास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यासाठीं. गाणें ऐकविण्यासाठीं नव्हे. तथापि अमेरिकेंतील अनेक शहरांत सुटीच्या दिवशीं एखाद्या मोकळ्या पटांगणांत मोटारी ओळीनें उभ्या राहतात, त्यांचीं दारें सताड उघडलेलीं असतात, आणि मालक एकमेकांस इंजिन न दाखवितां आंत बसविलेले स्पीकर दाखवितात. कोणाच्या डिकींत मखमलीनें मढविलेली पेटी असते, तर कोणाच्या दारांत हातानें घडविलेले कोनाडे. वरवर पाहणाऱ्यास हा निव्वळ श्रीमंती थाट वाटतो. परंतु या हौसेच्या मुळाशीं ध्वनिशास्त्रांतला एक अवघड प्रश्न आहे.

मोटारींतलें संगीत तसें जुनें आहे. १९३० सालीं शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें मोटारींत बसवितां येईल असा रेडिओ बाजारांत आणला व त्यास ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. १९३२ सालीं जर्मनींत ब्लाउपुंक्टनें काढलेल्या संचाचें वजन सुमारें १५ किलो होतें आणि त्याची किंमत मोटारीच्या किंमतीच्या एकतृतीयांशाच्या घरांत जाई. पुढें १९५५ सालीं ट्रान्झिस्टरचा रेडिओ मोटारींत आला, मागून कॅसेट आली, आणि १९८४ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क. यंत्र लहान होत गेलें, आवाज स्वच्छ होत गेला. पण ज्या खोलींत तो ऐकावयाचा ती खोली मात्र होती तशीच राहिली.

संगीत ऐकण्यास मोटारीइतकी गैरसोयीची खोली शोधूनहि सांपडणार नाहीं. घरांत मनुष्य दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यें बसूं शकतो. मोटारींत चालकाचें आसन एका कडेस असतें. समजा, त्याच्या बाजूचा स्पीकर ९० सेंटिमीटरांवर व पलीकडचा १५० सेंटिमीटरांवर आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे जवळचा आवाज सेकंदाचे पावणेदोन हजारांश भाग आधीं पोंचतो. हें अंतर क्षुल्लक भासेल, पण कान फसण्यास तेवढें पुरेसें होतें. जो ध्वनि आधीं येतो त्याच्याच दिशेस मन सारें गाणें ओढून नेतें, आणि गायिका समोर उभी न राहतां दाराच्या खालच्या कोपऱ्यांत बसल्यासारखी वाटते. यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे. जवळच्या स्पीकरास तेवढाच काळ थांबवून धरावयाचें. दोन्ही आवाज एकाच क्षणीं कानीं आले कीं गायिका उठून समोरच्या काचेपाशीं येते. हें काम आज एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पेटी करते. परंतु किती थांबवावें हें ठरविण्यासाठीं मालकास फीत व कान घेऊन कित्येक संध्याकाळ बसावें लागतें.

दुसरी अडचण खर्जाची. सेकंदास ५० कंपनें असलेल्या ध्वनीची लहर सुमारें सात मीटर लांब असते. मोटारीची पोकळी त्याहून पुष्कळच लहान. असा ध्वनि आंत लहरींच्या रूपानें खेळत नाहीं. साऱ्या पोकळींतील हवा एकदम दाबली व सोडली जाते. त्यामुळें खर्ज फुगतो, आणि दारांचे पातळ पत्रे त्याबरोबर थरथरूं लागतात. यासाठीं जाणकार दाराचें अस्तर काढून आंतल्या पत्र्यास ब्यूटिल रबराचे जड थर चिकटवितात. काम पुरें झाल्यावर अस्तर पुन्हां बसतें आणि त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच पुष्कळ मालक त्या कामाचीं छायाचित्रें जपून ठेवतात व परीक्षकांपुढें मांडतात.

तिसरी बाब विजेची. १००० वॉटच्या अँप्लिफायरला पूर्ण जोरानें चालतांना सुमारें १०० अँपिअर प्रवाह लागतो. दोन साध्या हेडलाइटना मिळून लागतो तो आठ-नऊ अँपिअर. एवढी वीज बारीक तारेंतून नेली तर तार तापते. तिचें वेष्टण घासून ती पत्र्यास टेंकली तर आग लागूं शकते. म्हणून जाड तांब्याची तार आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज, हा या कलेचा पहिला धडा होय.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या हौसेच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या, आणि तिला दोन वाटा फुटल्या. एका स्पर्धेंत परीक्षक आसनावर बसून ठराविक ध्वनिमुद्रिका ऐकतो. वाद्यें आपापल्या जागीं उभीं राहतात काय, स्वर नैसर्गिक वाटतो काय, जोडकाम निर्धोक आहे काय, हें पाहून गुण देतो. दुसऱ्या स्पर्धेंत केवळ आवाजाचा जोर मोजतात. तेथें कित्येक मोटारी १५० डेसिबलच्या पुढें जातात, आणि असल्या दाबानें काचहि तडकते. तेव्हां आंत कोणी बसत नाहीं. मोजमाप यंत्र करतें. ज्या मोटारींत मनुष्यास बसतां येत नाहीं तींतला नाद ऐकावयाचा कोणीं, हा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं.

जोराची ही ओढ महागहि पडते. शंभर वॉटचे हजार केले तरी आवाज दहा डेसिबलच वाढतो, म्हणजे कानास साधारण दुप्पट भासतो. कानास सोसेल त्याचा हिशेब मात्र याहून कठोर आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसास आठ तास चालेल असें मानतात. तीन डेसिबल वाढले कीं ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटांवर येते. आंतल्या कानांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या म्हणजे मनुष्याच्या देहांत त्या पुन्हां उगवत नाहींत. आणि प्रथम लोपतात ते बहुधा उंच, नाजुक स्वर. म्हणजे ज्यांसाठीं एवढा खटाटोप केला तेच.

हा विचार मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरहि लागू पडतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. डिकी उघडी टाकून खर्ज घुमवीत जाणारी मोटार ती सहज ओलांडते. आजाऱ्याची झोंप व मुलांचा अभ्यास तिच्यापायीं मोडतो. खरा हौशी आपली विद्या वेगळ्या रीतीनें सिद्ध करतो. तो पाहुण्यास आंत बोलावतो, दार लावून घेतो आणि हळू आवाजांत एखादी चीज लावतो. तंबोऱ्याच्या चारी तारा निरनिराळ्या ऐकूं आल्या, आणि बाहेरून जाणाऱ्याला गाणें चालूं असल्याचा पत्ताहि लागला नाहीं, म्हणजे त्याचे कष्ट सार्थकीं लागले.