लांब पल्ल्याची स्पोर्ट बाईक (लेखांक ६) : वाऱ्याचा टेकू

हँडलबार उंच केल्याने मनगटांवरचा भार हलका होतो हे गेल्या आठवड्यात पाहिले. परंतु त्या बदलानंतर स्वाराचे डोके ज्या हवेत जाते ती हवा पूर्वीची राहत नाही, आणि त्यामुळे सुधारलेली बैठकही दोन-तीनशे किलोमीटरनंतर अनेकांना नकोशी होते. कोल्हापूरच्या एका वाचकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या केटीएम आरसी ३९० चा हँडलबार सुमारे तीन सेंटीमीटर वर घेतल्यापासून हात दुखायचे थांबले, मात्र पुणे–बेंगळुरू महामार्गावर वेग ऐंशीच्या जवळ गेला की हेल्मेट थरथरते, मान आखडते आणि कानांत सतत घोंघावते. तेव्हा उंच विंडस्क्रीन बसवावी काय, असे ते विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून आज यायचा सीटचा विषय पुढे ढकलून हा संपूर्ण लेखांक वाऱ्याला दिला आहे.

वारा हा प्रवाशाचा शत्रू, हा समज सरळ बसून चालवायच्या मोटरसायकलच्या बाबतीत बराचसा खरा आहे. स्पोर्ट बाईकच्या बाबतीत तो अर्धाच खरा ठरतो. तिच्यावर स्वार पुढे झुकून बसत असल्यामुळे धडाचे सगळे वजन कण्यातून सीटवर उतरत नाही, तर त्यातले काही खांद्यांतून आणि मनगटांतून क्लिप-ऑनवर, म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळ्यांना थेट आवळलेल्या दोन स्वतंत्र हँडलांवर, येते. वेग वाढतो तसा छातीवर येणारा वारा हेच धड मागे रेटू लागतो, आणि पुढे कलणारे वजन व मागे रेटणारा वारा यांचा तोल साधला गेला की हात जवळजवळ मोकळे होतात. शर्यतीच्या ट्रॅकवर सुसह्य वाटणारी बैठक शहरातल्या सिग्नलवर छळते, त्याचे एक मोठे कारण हेच की तिच्या रचनेत गृहीत धरलेला वाऱ्याचा टेकू तिथे मिळत नाही.

हा टेकू किती मोठा असतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. समुद्रसपाटीजवळच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाला एका चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलो वजनाइतका, ८० ला सुमारे ३० किलो आणि १२० ला सुमारे ६८ किलो वजनाइतका दाब येतो. स्वाराची छाती, खांदे आणि हात मिळून वाऱ्यासमोर येणारा भाग एक तृतीयांश चौरस मीटर धरला, तर टेकू अनुक्रमे अडीच, दहा आणि सुमारे साडेबावीस किलोंचा होतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली आहे, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकींना प्रवेशच नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या स्वाराच्या वाट्याला फार तर दहा किलोंचा आधार येतो, आणि घाटात किंवा गावातून जाताना तोही उरत नाही. लडाखच्या वाटेवर तर त्यात आणखी घट होते, कारण लेहच्या सुमारे ३५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ७० टक्केच असते. हँडलबार उंच करण्याचे खरे समर्थन या हिशेबात आहे, आणि उंच काचेविषयीची सावधगिरीही त्यातूनच येते. आधीच तोकडा असलेला टेकू काचेने पूर्ण अडवला, तर मनगटांवरून उतरवलेले वजन काही अंशी पुन्हा मनगटांवरच येते.

वाऱ्याचा असा दुहेरी विचार करायला मोटरसायकल उद्योगाला वेळ लागला. इटलीतील मोटो गुझी या कंपनीने १९५० च्या सुमारास मांदेल्लो देल लारिओ येथील कारखान्यात पूर्ण आकाराची मोटरसायकल स्वारासह तपासता येईल असा वायुबोगदा, म्हणजे मोठ्या पंख्याने नियंत्रित वारा सोडण्याची चाचणीची जागा, उभारला. तिथला उद्देश मात्र शर्यतीतला वेग हा होता. प्रवासी स्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९७६ साली आला. हान्स मुथ यांनी आरेखित केलेल्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएस या गाडीचे पूर्ण फेअरिंग, म्हणजे पुढून व बाजूंनी वारा वळवणारे आवरण, तुरीन येथील पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात घडवले गेले. काचेचा कोन, फेअरिंगची रुंदी आणि हँडलबारमुळे किंचित पुढे झुकणारी बैठक यांचा तिथे एकत्र विचार झाला, आणि या तिन्हींपैकी एक बदलले की उरलेली दोन पुन्हा तपासावी लागतात, हा त्या गाडीचा धडा आजही तितकाच लागू आहे.

आरसी ३९० किंवा यामाहा आर१५ यांसारख्या गाड्यांची बुटकी काच टाकीवर छाती टेकून बसलेल्या स्वारासाठी आखलेली असते. त्या स्थितीत हेल्मेट काचेमागच्या शांत हवेत लपते. स्वार वर उठला की मात्र काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा प्रवाह त्याच्या अंगावर येतो. काचेवरून जाणारी हवा वेगवान आणि काचेमागची हवा मंद व कमी दाबाची असते, त्यामुळे दोहोंच्या सीमेवर सतत भोवरे सुटत राहतात. या भोवऱ्यांचा पट्टा छातीवर आला तर फारसे बिघडत नाही; तो हनुवटीवर आला तर हेल्मेट दोन्ही बाजूंनी हलते, मान ते सावरत राहते आणि त्यातून थकवा येतो. संबंधित वाचकांचे डोके हँडलबारबरोबर वर व मागे सरकून याच पट्ट्यात शिरले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. उंच काच या पट्ट्याला नाहीसा करत नाही, फक्त वर ढकलते. पाच सेंटीमीटर अधिक उंच काच एका स्वाराला पूर्ण आराम देते आणि त्याच गाडीवरच्या थोड्या उंच स्वाराला अधिक त्रास देते, याचे कारण हेच आहे.

म्हणून काही विकत घेण्यापूर्वी पट्टा नेमका कुठे आहे ते शोधावे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवून, दोन्ही हात हँडलवर आणि गुडघे टाकीला घट्ट ठेवून, आधी फूटपेगवर किंचित उठावे आणि नंतर थोडे खाली वाकावे. उठल्यावर घोंघावणे थांबले तर डोके स्वच्छ हवेच्या खाली आहे आणि वाकल्यावर थांबले तर शांत हवेच्या वर आहे, असे समजावे. याहून चांगला पुरावा लोकरीचे धागे देतात. बोटभर लांबीचे धागे काचेच्या वरच्या कडेला, जॅकेटच्या खांद्यांवर आणि हेल्मेटच्या बाजूंना चिकटपट्टीने लावावेत आणि सुरक्षित अंतरावरून शेजारच्या वाहनात बसलेल्या सहकाऱ्याला चित्रण करायला सांगावे. जिथे धागा ताठ मागे उडतो तिथे प्रवाह स्वच्छ असतो, आणि जिथे तो गरगर फिरतो किंवा उलटा पुढे येतो तिथे भोवरे असतात.

उपाय या निदानावरून ठरतो. थोडे उठल्यावर आराम मिळत असेल तर काच उलट बुटकी करणे किंवा आहे तशी ठेवणे हितकारक असते, कारण मग हेल्मेटला जोराचा पण एकसारखा वारा लागतो, आणि एकसारखा वारा मानेला थरथरीपेक्षा कमी थकवतो. थोडे वाकल्यावर आराम मिळत असेल तर डबल बबल, म्हणजे मधोमध दुसरा फुगवटा असलेली काच, किंवा मूळ काचेच्या कडेला लावायचा कोन बदलता येणारा छोटा स्पॉयलर घ्यावा. स्पॉयलर आणि काच यांच्यात फट राहते असा प्रकार विशेष उपयुक्त असतो, कारण फटीतून शिरलेली हवा काचेमागची कमी दाबाची पोकळी भरून काढते आणि भोवऱ्यांचा जोर उतरतो. कोणताही पर्याय निवडला तरी काचेची वरची कड नजरेच्या रेषेखालीच राहिली पाहिजे. पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात ओरखडे पडलेल्या काचेतून रस्ता पाहणे धोक्याचे असते. ॲक्रिलिकची काच पॉलिश करता येते पण आघाताने तडकते; पॉलिकार्बोनेटची सहसा फुटत नाही, मात्र तिच्यावर चरे लवकर पडतात आणि पेट्रोल किंवा अमोनियायुक्त क्लीनर लागला तर ती खराब होते, म्हणून ती साध्या पाण्याने व सौम्य साबणानेच धुवावी.

छातीवरचा वारा राखून ठेवण्याचे आणखी एक कारण आपल्या हवामानात आहे. एप्रिल-मेच्या उन्हात घाम वाळवणारा तोच एक मार्ग असतो, आणि पूर्ण फेअरिंगच्या गाडीत इंजिनाची उष्णताही पायांशी साचत असते. छाती झाकणारी काच जुलैतल्या कोकणात सुखाची वाटली तरी मे महिन्यातल्या विदर्भात ती शिक्षा ठरू शकते. कानांचे म्हणाल तर स्वच्छ हवेतही महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि तो बहुतांशी हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचाच असतो. काच कितीही नेमकी जमली तरी हनुवटीखालची फट बंद करणारा पडदा आणि चांगल्या प्रतीचे इअरप्लग यांची गरज राहतेच.

तेव्हा कोल्हापूरच्या वाचकांनी उंच काच मागवण्याआधी धाग्यांची चाचणी करावी आणि हेल्मेटला स्वच्छ हवा, छातीला वारा हे सूत्र समोर ठेवून निवड करावी. सीटचा विषय पुढील आठवड्यात घेता येईल, आणि त्याला झालेला उशीर उपयोगाचाच आहे. कारण फोम किती कापायचा आणि सीटला उतार किती द्यायचा हे धडाच्या कोनावर अवलंबून असते, आणि तो कोन वाऱ्याचा प्रश्न सुटल्याशिवाय निश्चित होत नाही.