हळदीचा रंग आणि व्यापाऱ्याचे व्रत

शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढण्याच्या नावाखाली हल्ली नाना प्रकारचे रस, काढे आणि चूर्णे विकली जातात. निसर्गोपचाराचा मूळ नियम मात्र साधा आहे: प्रथम रोगाचे कारण दूर करावे, मग शरीराला सावरू द्यावे. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले, ते शुद्ध हवा, पाणी, माती आणि साधा आहार यांवरील विश्वासातूनच.

शिसे या विषारी धातूच्या बाबतीत हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. लहान मुलांचे शरीर ते प्रौढांच्या चार-पाच पट शोषून घेते; त्यातून बुद्धीच्या वाढीस बाधा येते. उपवासाने ते धुऊन निघत नाही. उलट रिकाम्या पोटी शिसे अधिक शोषले जाते. पाणी गाळून व उकळून पिण्याची आपली परंपरा जंतूंपासून रक्षण करते. परंतु पाण्यात विरघळलेले शिसे उकळण्याने जात नाही.

मग करावे काय? लोह व कॅल्शियम यांची उणीव असल्यास शिसे शरीरात सहज शिरते. म्हणून नाचणी, तीळ, दूध, कडधान्ये आणि त्यांच्या जोडीला लिंबू वा आवळा मुलांच्या आहारात असावा. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेल्या खोलीत कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. शंका असल्यास रक्ताची तपासणी करावी. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. प्रमाण फार वाढले असेल तर रुग्णालयातील औषधोपचाराला पर्याय नाही. तेथे काढ्यावर विसंबू नये.

कारण दूर करण्याचा धडा बांगलादेशाने घालून दिला आहे. तेथे हळकुंडांना पॉलिश करताना झळाळीसाठी शिसेयुक्त पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट, चोळला जात असे. संशोधकांनी हा प्रकार उघडकीस आणल्यावर शासनाने व्यापाऱ्यांचे प्रबोधन केले, बाजारात तपासण्या केल्या आणि दोषींना दंड ठोठावला. २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. कोणत्याही काढ्याला जे साधले नसते, ते बाजारपेठेच्या शिस्तीने दोन वर्षांत साधले.

भारतातही हळदीत लेड क्रोमेट मिसळण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही कायद्याचा हात प्रत्येक पोत्यापर्यंत पोहोचत नाही, व्यापाऱ्याचा पोहोचतो. अवाजवी पिवळाधमक माल परत पाठवणे, मोठ्या खरेदीपूर्वी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणे, आणि फिक्या पण शुद्ध हळदीचे मोल ग्राहकाला समजावून सांगणे, हे सारे पेढीवर बसूनच करता येते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील अखेरचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालात नकली मिसळून विकणे. पूर्वसूरींनी त्याला चोरीच्या प्रकरणात स्थान दिले. शिशाची गोष्ट कळल्यावर हा अतिचार अहिंसेलाही बाधक आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. कारण त्या पोत्यातील चिमूटभर हळद कोणत्या बालकाच्या ताटात जाईल, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही.