स्टार्टर फिरतो, पण इंजिन का सुरू होत नाही?



मोटार सुरू होत नाही असे दिसले की मनुष्य किल्ली पुन्हा फिरवतो, आणि तरीही यश आले नाही तर आणखी जोराने फिरवतो. जणू काही इंजिनाला आपले म्हणणे ऐकूच गेले नव्हते! वस्तुतः ऐकायचे असते ते आपण. बंद पडलेली गाडी मुकी नसते; आपला दोष कोठे आहे हे ती बऱ्याच अंशी स्वतःच सांगत असते. ते कसे ओळखावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दोन तक्रारींमधला भेद ध्यानात घ्यावा. किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक झाली किंवा काहीच आवाज आला नाही, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा स्टार्टरचा. परंतु इंजिन नेहमीच्या जोमाने गरगर फिरते आणि तरीही पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी व स्टार्टर आपले काम करीत आहेत असे समजावे. अशा वेळी बॅटरी बदलणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला लेप लावण्यासारखे होय.

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, त्या मिश्रणावर पडणारा दाब आणि नेमक्या क्षणी उडणारी ठिणगी. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हे प्रमाण फार बिघडले की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. या चौघांपैकी इंधनाचाच विचार आज आपण करू.

पहिला नियम हा की, सेल्फ मारीत बसू नये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ किल्ली धरू नये, आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी अर्धा ते एक मिनिट थांबावे. स्टार्टरची मोटार अल्पकाळ काम करण्यासाठीच केलेली असते. सतत फिरवल्यास ती तापून जळते. दुसरे असे की, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि धुराड्याच्या नळीतील शुद्धीकरण-यंत्रात शिरून त्याचीही हानी करते. शिवाय बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ल्याच्या घाटात, पावसाळी सायंकाळी, बॅटरी संपवून बसणे किती महाग पडते हे वेगळे सांगावयास नको. मूळ दोष कदाचित एका फ्यूजचा असतो. परंतु बॅटरी उतरली की दिवे जातात, आणि वळणावरची ती गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसेनाशी होते.

मुलाचे गणित चुकले म्हणजे शिक्षक सारे गणित खोडीत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते पाहतो. इंधनाचाही प्रवास असाच पायऱ्यापायऱ्यांनी होतो : टाकी, पंप, फिल्टर, नळी, इंजेक्टर आणि सिलिंडर. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनाशेजारी असे. आजच्या पेट्रोल गाड्यांत तो विजेवर चालतो आणि टाकीतच बुडालेला असतो. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकली व स्कूटरसुद्धा इंजेक्टरवर आल्या आहेत. म्हणून पुढील विवेचन त्यांनाही बरेचसे लागू पडते.

पहिली पायरी टाकीची. टाकीत इंधन आहे काय, आणि आहे ते योग्य आहे काय? हा प्रश्न बालिश वाटेल. पण काटा अडकतो, आणि गाडी चढावर उभी असेल तर उरलेले थोडे इंधन पंपाच्या तोंडापासून दूर सरकते. इंधन भरल्यानंतर लगेच गाडी बंद पडली असेल, तर पावती काढून पेट्रोल भरले की डिझेल, हे आधी वाचावे. चुकीचे इंधन भरले गेले असेल तर किल्लीला हातही लावू नये. टाकी रिकामी करून घ्यावी. डिझेलच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. पेट्रोल गेले की त्याचे भाग एकमेकांवर घासून झिजतात. सी.एन.जी.च्या गाड्यांचीही एक गोष्ट येथेच सांगतो. त्यांपैकी बऱ्याच गाड्या आरंभी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. मालक मात्र टाकीत महिनोन्महिने तळाशीच पेट्रोल ठेवतो. ते शिळे होते, पंपाला थंडावा मिळत नाही, आणि एके दिवशी सिलिंडर गॅसने भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही.

दुसरी पायरी पंपाची. काचा लावाव्यात, पंखा बंद करावा आणि किल्ली फक्त ‘ऑन’वर आणावी. मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज पाहावा. फ्यूज शाबूत असेल तर त्याच पेटीतील त्याच जातीचा दुसरा रिले क्षणभर पंपाच्या रिलेच्या जागी लावून पाहावा. गाडीच्या पुस्तिकेत या जागा दाखवलेल्या असतात. काही गाड्यांत दार उघडतानाच पंप फिरतो. म्हणून गाडी चांगली असतानाच तिचा हा आवाज ओळखून ठेवावा.

तिसरी पायरी दाबाची. पंप गुणगुणतो म्हणजे तो पुरेसे इंधन ढकलतो असे नव्हे. सामान्य इंजेक्टरच्या पेट्रोल गाडीत बहुधा तीन ते चार बार इतका दाब लागतो, आणि तो मिस्त्रीने मापक लावूनच पाहावा. फिल्टर तुंबला असेल तर गाडी आधी काही दिवस चढावर धापा टाकते. किल्ली दोन-तीनदा ‘ऑन-ऑफ’ करून मग सेल्फ मारल्यास गाडी सुरू होत असेल, तर उभ्या गाडीतला दाब उतरून जातो असा संशय घ्यावा.

चौथी पायरी इंजेक्टरची. दाब आहे, पण इंजेक्टर उघडतच नाही असेही घडते. इंजिन फिरत असल्याची खबर देणारा सेन्सर निकामी झाला की यंत्रातील संगणक इंधन सोडीत नाही. सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा मुळीच हलला नाही तर ही शंका बळावते. किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर चोरीविरोधी यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही. याउलट पेट्रोलचा उग्र वास आला आणि प्लग ओला निघाला, तर इंधन पोहोचते आहे. ठिणगी नाही किंवा इंधन फाजील झाले आहे. फाजील झाले असल्यास थोडे थांबून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्टरच्या गाड्यांत त्यामुळे इंधन थांबते आणि हवा आत जाऊन सिलिंडर कोरडा होतो.

डिझेल गाडीत धुराकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढुरका धूर निघाला तर इंधन पोहोचते, पण पेटत नाही; धूर मुळीच नसेल तर ते बहुधा पोहोचतच नाही. टाकी एकदा कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते; गाडीने ‘एअर घेतली’ असे चालक म्हणतात ते हेच. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबावा, आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकावे. परंतु आधुनिक डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या कदापि सैल करू नयेत. तेथील दाब हजार बारच्याही वर जातो, आणि तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो.

पावसाळ्यात पेट्रोललाही पाण्याचे भय असते. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाचे तोंड नेमके तेथेच असते. म्हणून टाकीचे झाकण व त्याचे रबर शाबूत ठेवावे, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवू नये.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. काडी किंवा विडी पेटवून तपासणी करू नये, नळी तोंडाने ओढू नये, आणि हवेच्या वाटेने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याचा धीटपणा कोणी करू नये.

नळ्या उघडणे हे मिस्त्रीचे काम. निरीक्षण मात्र आपले. इंधन किती व कोणते होते, पंपाचा आवाज आला की नाही, वास किंवा धूर होता काय, काटा हलला काय, या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन गॅरेजात जावे. ज्याच्यापाशी ती आहेत, त्याला शंभर रुपयांच्या रिलेऐवजी हजारो रुपयांचा पंप सहसा घ्यावा लागत नाही.