सुवार्ता न पोहोचलेले लोक : मिशनकार्य आणि जातीचा प्रश्न

ख्रिस्ती मिशनरी जगतात गेल्या अर्धशतकात 'सुवार्ता न पोहोचलेले लोकसमूह' ही संज्ञा रूढ झाली आहे. ती वरवर साधी वाटते. परंतु तिच्यामागे मानवसमाज मोजण्याची एक विशिष्ट पद्धती आहे. त्या पद्धतीत भारतातील जातीला महत्त्वाचे स्थान मिळाले असल्यामुळे बौद्ध अभ्यासकांनी ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या विचाराचे एक मूळ भारतातच आहे. डोनाल्ड मॅक्‌गॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली मध्य प्रांतातील दमोह येथे झाला. मिशनरी म्हणून त्यांनी येथे दीर्घकाळ काम केले. एकेकटी व्यक्ती नव्हे, तर संपूर्ण ज्ञाती धर्मांतर कशी करते, याचे निरीक्षण करून त्यांनी १९५५ मध्ये 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हा ग्रंथ लिहिला. वंश, भाषा किंवा वर्ग यांची सीमा ओलांडावी न लागता ख्रिस्ती होणे लोकांना रुचते, असा सिद्धांत त्यांनी पुढे मांडला. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक परिषदेत राल्फ विंटर यांनी प्रतिपादन केले की, देशात चर्च स्थापन झाले म्हणजे कार्य संपत नाही. भाषेच्या व समाजाच्या भिंतीपलीकडील समूह तसेच राहतात. १९९० च्या सुमारास लुईस बुश यांनी पश्चिम आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतच्या, उत्तर अक्षांश १० ते ४० यांमधील पट्ट्याला '१०/४० खिडकी' असे नाव दिले. मुस्लिम, हिंदू व बौद्ध लोकसंख्येचा फार मोठा भाग याच पट्ट्यात राहतो.

या कार्याची गती जागतिक राजकारणावर अवलंबून असते. १९९० मध्ये मंगोलियातील साम्यवादी पक्षाची एकाधिकारशाही संपली आणि जेथे ख्रिस्ती जवळजवळ नव्हतेच, अशा त्या बौद्ध परंपरेच्या देशात मिशनरी पोहोचले. २०२० च्या जनगणनेत तेथील ख्रिस्ती एक टक्क्याहून थोडे अधिक आढळले. उलट, जेथे मिशनरी म्हणून प्रवेश मिळत नाही, तेथे कित्येक जण शिक्षक, अभियंते वा व्यापारी म्हणून जातात. यातील जोखीमही मोठी आहे. २००७ साली अफगाणिस्तानात तालिबानने २३ कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना ओलीस धरले व त्यांपैकी दोघांची हत्या केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानच्या उत्तर सेंटिनल बेटावर गेलेला एक अमेरिकन तरुण बेटवासीयांकडून मारला गेला. त्या बेटावर जाण्यास कायद्याने बंदी आहे; बाहेरचा साधा आजारही तेथील मूठभर लोकांच्या जिवावर बेतू शकतो. 'पोहोचणे' हा केवळ जाणाऱ्याच्या धैर्याचा प्रश्न नाही. ज्यांच्याकडे जावयाचे, त्यांच्या संमतीचा व सुरक्षिततेचाही तो प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९९५ साली सुरू झालेला 'जोशुआ प्रोजेक्ट' हा उपक्रम जगातील सुमारे १७ हजार लोकसमूहांची यादी ठेवतो. ज्या समूहात ख्रिस्ती ५ टक्क्यांपेक्षा व इव्हँजेलिकल ख्रिस्ती २ टक्क्यांपेक्षा अधिक नाहीत, तो समूह 'न पोहोचलेला' मानला जातो. असे समूह ७ हजारांवर असून त्यांपैकी दोन हजारांच्या आसपास एकट्या भारतात आहेत. हा आकडा एवढा फुगतो, कारण भारतात प्रामुख्याने जात हीच लोकसमूहाची कसोटी धरली जाते.

ज्ञातीच्या वाटेने गेल्यास धर्म लवकर पसरेल. परंतु त्या वाटेने जाणारा धर्म ज्ञाती मोडू शकेल काय? हा आक्षेप केवळ बाहेरचा नाही. १९७७ साली पासाडेना येथे ख्रिस्ती विचारवंतांनीच या सिद्धांतावर चर्चा केली व मतभेद नोंदविले. तामिळनाडूत काही गावी दलित ख्रिश्चनांची दफनभूमी आजही वेगळी आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी जे लेखन केले, ते १९८९ साली महाराष्ट्र शासनाने पाचव्या खंडात प्रकाशित केले. त्यात त्यांनी मिशनांच्या शिक्षण व वैद्यकीय सेवेची दखल घेतली. मात्र तिचा लाभ बहुतांशी उच्चवर्णीयांना झाला आणि धर्मांतरितांमध्ये जातिभेद टिकून राहिला, हेही परखडपणे दाखविले. महात्मा फुले यांचे शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, हे ऋण आपण विसरू नये. श्रद्धेचा प्रसार करण्याचा अधिकार संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सर्वांना दिला आहे. आपला प्रश्न अधिकाराचा नसून मार्गाचा आहे.

तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी पाठविलेल्या धम्मदूतांची नोंद 'महावंस' या ग्रंथात आहे. महाधम्मरक्खित महाराष्ट्रात आले, तर यवन असलेले धम्मरक्खित अपरान्तात आले. ती यादी प्रदेशांची आहे, जातींची नव्हे. तरीही हा दाखला केवळ अभिमानाने सांगण्याचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य एकाच पूर्वाश्रमीच्या जातीतून आले आहेत. विवाह जुळविताना पोटजात विचारली जाते तोवर, धम्म किती जणांपर्यंत पोहोचला यापेक्षा तो पोहोचल्यावर कोणती भिंत पडली, हाच प्रश्न प्रथम आपण स्वतःला विचारला पाहिजे.